पालखीमागची वसुली

शैक्षणिक कर्जाच्या वसुलीला गेलेल्या माणसाला आमच्याकडे जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि जेवल्यावर त्याला पैसे मागायला तोंड राहत नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत एका बँकेची जुनी शैक्षणिक कर्जं वसूल करत मी अकरा वर्षं हिंडलो. त्या अकरा वर्षांत माझं वजन चौदा किलोनं वाढलं. वसुली किती वाढली ते कृपा करून विचारू नका. आमच्या हिनं एकदा विचारलं होतं, "तुम्हाला बँक पगार देते तो वसुलीचा की फणसाच्या भाजीचा?"

बाहेरच्या माणसाला हा धंदा नीट कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. घरासाठी कर्ज घेतलं तर घर जप्त करता येतं, गाडीसाठी घेतलं तर गाडी ओढून आणता येते. शिक्षण कसं ओढून आणणार? पदवीचा कागद फ्रेममध्ये भिंतीवर असतो, त्याला आईनं प्लॅस्टिकचा हार घातलेला असतो, आणि ज्यानं ती पदवी मिळवली तो ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत असतो. घरी फक्त आई. ती म्हणते, "सायेब, आधी हातपाय धुवा."

लोकांना वाटतं वसुलीवाला पैशासाठी येतो. जुन्या कर्जात तो बहुतेक वेळा एका सहीसाठी येतो. कायदा असा की कर्जदारानं शेवटची कबुली दिली, त्याला तीन वर्षं झाली की बँकेला त्याच्यावर दावा लावता येत नाही. मुदत संपली, कर्ज कायद्यानं मेलं. म्हणून तीन वर्षं भरायच्या आत कर्जदाराला गाठायचं आणि 'होय, माझ्याकडे बाकी आहे' अशा एका ओळीच्या कागदावर त्याची सही घ्यायची. याला आम्ही कर्जकबुली म्हणायचो. सही झाली की कर्ज आणखी तीन वर्षं जिवंत. सही राहिली तर चौकशी वसुलीवाल्याची. आणि एक गोष्ट आम्ही कर्जदाराला कधी सांगायचो नाही. ती म्हणजे, सही केली नाहीस तर सुटशील.

अर्थात पोरं न सांगताही पळायची. एमआयडीसीच्या एका कारखान्याच्या गेटवर मी शिफ्ट सुटायची वाट बघत उभा होतो. मोटरसायकलींचा लोंढा निघाला. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल. मी एकाला थांबवून विचारलं, "अहो, तुमच्यातला अमुक अमुक कुठे भेटेल?" तो भला माणूस म्हणाला, "बसा मागं, शोधू." अर्धा तास त्यानं मला अख्ख्या वसाहतीत फिरवलं. कॅन्टीनमध्ये विचारलं, टपरीवर विचारलं, पाण्याच्या टाकीमागेसुद्धा बघून आलो. शेवटी मला एसटी स्टँडवर सोडून म्हणाला, "आज सुट्टी घेतली वाटतं त्यानं. भेटला तर सांगतो." मी त्याचे मनापासून आभार मानले. दुसऱ्या दिवशी फाईलमधला फोटो नीट पाहिला तेव्हा कळलं की मला फिरवणारा तोच होता.

दुसरा प्रकार मुलींच्या बापांचा. लग्नसराईत एखादे गृहस्थ बँकेत येऊन हळूच विचारत, "अमक्याच्या मुलावर काही बाकीबिकी?" गिऱ्हाइकाची माहिती द्यायची नाही, हा बँकेचा नियम. म्हणून मी खिडकीबाहेर बघायचो. ते समजायचे बाकी आहे. मग मी समोर बघायला लागलो, तर ते समजायचे की साहेब नजर रोखून इशारा देतायत. एका बापाला मी नुसता चहा विचारला, तर त्यानं मुहूर्त पुढे ढकलला. त्यानंतर लग्नसराईत मी टेबलच बदलून घेतलं.

पण माझं खरं मैदान म्हणजे शिमगा. मुंबईकर गणपतीला येतो तसा शिमग्याला येतोच, आणि ग्रामदेवतेची पालखी ज्या दिवशी त्याच्या दारात येते त्या दिवशी तर तो घर सोडून हलत नाही. पालखी कोणत्या वाडीत कधी याचं वेळापत्रक गावच्या गुरवापेक्षा मला जास्त पाठ होतं. मी पालखीच्या पाठोपाठ चालायचो. घर आलं, पालखी अंगणात टेकली, पोरगा नमस्कार करून सरळ झाला की त्याच्या समोर मी. सगळा गाव बघत असतो, देव दारात असतो. नाही कोण म्हणणार? एका शिमग्यात मी नऊ सह्या आणल्या होत्या आणि वरून बँकेनं माझं कौतुकही केलं होतं. वसुलीच्या नियमावलीत लिहिलेलं असतं की सण, लग्न, मयत अशा प्रसंगी कर्जदाराकडे जाऊ नये. आम्ही त्यातलं मयत तेवढं पाळायचो.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी, मार्चच्या सुरुवातीला, हौसाबाई बँकेत आल्या. वरंधकडे जाताना आत एक वाडी आहे, तिथल्या. वाडीचं नाव लिहीत नाही, तशी मला वाडीची ताकीद आहे. त्यांच्या मुलानं, रुपेशनं, हॉटेल मॅनेजमेंटसाठी कर्ज घेतलं होतं. कॉलेज दुसऱ्याच वर्षी बंद पडलं, संस्थाचालक बेपत्ता झाले, कर्ज मात्र राहिलं. पोरगा डोंबिवलीत एका केटररकडे आचारी होता. वडील वारले होते. तीन वर्षांपूर्वी, वीस मार्चला, मी त्याला त्याच्याच अंगणात पालखीसमोर गाठून सही घेतली होती.

खुर्चीवर न बसता हौसाबाई म्हणाल्या, "सायेब, तवापासून दोन शिमगे झाले. पोर घरी आला नाय. पालखी येते, मी एकटी ओटी भरते. देव इचारतो, पोर कुठं हाय? काय सांगू त्याला?"

"मावशी, मी कुठे त्याला येऊ नको म्हटलं?"

"तुमी येता म्हनून तो येत नाय. ह्या वर्साला तुमी येऊ नका. म्हंजे तो यील."

मी मान हलवून "बघतो" म्हणालो. बँकेत बघतो याचा अर्थ काय असतो ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पदरातून दोन लिंबं काढून टेबलावर ठेवली आणि खुशीत निघून गेल्या. मी लगेच कॅलेंडर उघडलं. वीस मार्चला रुपेशची मुदत संपत होती. शिमग्याची तिथी मागेपुढे सरकते, कायद्याची तारीख सरकत नाही. पालखी त्या वाडीत सोळाला होती, रविवारी. म्हणजे मधे चारच दिवस. त्या महिनाअखेरीला मी निवृत्त होणार होतो. ही सही राहिली असती तर माझ्यावर चौकशी बसली असती आणि ती संपेपर्यंत निवृत्तीचे पैसे अडकले असते. मी लिंबांचं सरबत करून प्यायलो आणि जायचं ठरवलं. आज हे लिहितानाही ते सरबत आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

या वेळी वेष बदलून जायचं ठरलं. आमच्या मेव्हण्याचा ढगळ सदरा, पांढरी टोपी, गळ्यात टॉवेल आणि हातात झांजा. आरशात बघून मला वाटलं, सख्खी बायकोसुद्धा ओळखणार नाही. बायको म्हणाली, "बँकेतला माणूस झांजा घेऊन चाललाय, एवढंच दिसतं." तरी गेलो. खालूबाजा कडाडत होता, सनई सुटली होती, गुलाल उडत होता. मी मधोमध शिरलो आणि जोरजोरात झांजा बडवायला लागलो. दोन मिनिटांत वाडीचे वडीलधारे धोंडूतात्या माझ्या कानाशी आले.

"सकपाळ सायेब, झांज उलटी धरलीत."

संपलंच. पण धोंडूतात्या चिडले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली, आणि वाडीतल्या म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले की शहाण्यानं घर गाठावं. ते मोठ्यानं ओरडले, "सायेबास्नी मान द्या रे! मागचा खांदा सायेबांचा!" मी नाही नाही म्हणेपर्यंत पालखीची मागची दांडी माझ्या खांद्यावर होती. तात्यांचा डाव साधा होता. पालखी खांद्यावर आली की दुसऱ्यानं खांदा दिल्याशिवाय ती सोडता येत नाही. आणि तात्यांनी सगळ्यांना डोळ्यानं सांगितलं होतं की सायेबांना कुणी सोडवायचं नाही. तोवर रुपेश दर्शन घेऊन डोंगराला लागेल.

पण एक गोष्ट तात्यासुद्धा विसरले. त्या वाडीत ज्याच्या दारात पालखी येते, त्या घरचा मुलगा पुढचा खांदा घेतो. हौसाबाईंचं घर आलं तसा रुपेश अंगणातून धावत आला आणि मागे न बघता पुढची दांडी त्यानं खांद्यावर घेतली. तो तीन वर्षांनी पालखीला खांदा देत होता. त्याच्यात वारं भरलं होतं. ढोल वाजला तसा तो गर्रकन फिरला, आणि मी त्याच्यामागे फरफटत गेलो.

"मागं कोन हाय रे? पाय उचल की!"

"सकपाळ," मी धापा टाकत म्हणालो. "बँकेतला."

रुपेशचा पाय असा अडखळला की पालखी कलली आणि सगळ्या अंगणातून "अरे अरे अरे!" असा आवाज उठला. दोघांनी कशीबशी सावरली. मग आम्हा दोघांनाही एकदमच परिस्थिती कळली. देव खांद्यावर असताना कर्जदाराला पळता येत नाही, आणि वसुलीवाल्याला खिशातून कागद काढता येत नाही.

"सायेब, आयेला शब्द दिला व्हता ना तुमी?" तो समोर बघतच ओरडला.

"बघतो म्हणालो होतो!"

"मंग बगा आता!" असं म्हणून त्यानं अशी गिरकी घेतली की माझी टोपी उडाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला आणि मेव्हण्याचा सदरा काखेत फाटला. बाजेवाल्यांना काय झालंय ते कळलं होतं. त्यांनी लय वाढवली. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी "सोडवा रे कुणीतरी!" म्हणालो तर चार जण गुलाल घेऊन पुढे आले. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. साठीचा माणूस, मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली, आणि मी नाचायला लागलो. खरंच नाचायला लागलो. रुपेश डावीकडे झुकला की मी झुकायचो, तो खाली बसला की मी बसायचो, उठताना गुडघे कुरकुर करायचे आणि मी हसत सुटायचो. पुढून तोही हसत होता, ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

हौसाबाई ओटीचं ताट घेऊन दारात आल्या. आधी त्यांना मुलगा दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग मागचा मी दिसलो. मी मान खाली घातली.

पालखी अंगणात टेकली. ओटी भरून झाली आणि धोंडूतात्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या घरचा पोर तीन वर्सांनी दारात आलाय, तो असाच दरसाल येऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"त्याच्या डोक्यावरचा बँकेचा भार हलका होऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आन् हा सकपाळ सायेब ह्या दारात पुन्हा कंदी बँकेच्या नावानं न येऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. ओघात निघून गेलं. सगळी वाडी माझ्याकडे बघून खदाखदा हसायला लागली. हौसाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग रुपेश माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "काढा कागद."

मी काढला. घामानं भिजलेला, गुलालानं लाल.

"एक सांगा सायेब. देव समोर हाय. मी सही नाय केली तर काय होतं?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला असेल. उत्तर तयार असायचं. नोटीस येईल, घरावर कारवाई होईल, बहिणीच्या लग्नात अडचण येईल. त्या अंगणात मला ते उत्तर देता आलं नाही. खांदा ठणकत होता, पोटातलं हसू अजून विरलं नव्हतं, आणि तो पोरगा माझ्याबरोबर नाचला होता.

"वीस तारखेपर्यंत सही केली नाहीस," मी म्हणालो, "तर बँकेला तुझ्यावर दावा लावता येणार नाही. चार दिवस. बाकी तुझ्या नावावर दिसत राहील, नवं कर्ज मिळणार नाही. पण कोर्टात तू सुटलास."

धोंडूतात्या म्हणाले, "आयला! म्हंजे पोर पळत होता ते बराबर व्हतं?"

"बरोबर होतं," मी म्हणालो.

"मंग आता नाय करत सही," रुपेश म्हणाला आणि सगळ्या वाडीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हात वर जात नव्हता. "कागद ठेवा हितंच. वाचून बघतो," तो पुढे म्हणाला. हौसाबाईंनी चार पुरणपोळ्या बांधून दिल्या. बँकेत मी मॅनेजर मॅडमना सांगितलं की कर्जदार भेटला पण सही झाली नाही. मॅडम माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान. त्यांनी गुलालानं लाल झालेला माझा कान बघितला आणि पुढची फाईल उघडली.

वीस मार्च उजाडला. त्या दिवशी चवदार तळ्यावर जमणाऱ्या माणसांनी महाड फुललेलं असतं, रिक्षा बंद, गाड्या बाहेरच. बँकेत गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच. मी चौकशीत द्यायचं उत्तर कच्चं लिहीत बसलो होतो. दुपारी तीन वाजता हौसाबाई आत आल्या. हायवेपासून गर्दीतून चालत आलेल्या, हातात कुणीतरी दिलेली पाण्याची बाटली. त्यांनी पिशवीतून कागद काढला. तोच, गुलालाचा.

रुपेशची सही होती. तारीखही होती, त्याच्या अक्षरात. आणि खाली, जिथे काही लिहायचं नसतं, तिथे निळ्या शाईत लिहिलं होतं: 'बाकी कबूल आहे. पण शिमग्यात बँकेच्या माणसानं वाडीत यायचं नाही.' त्याखाली चोवीस सह्या आणि धोंडूतात्यांचा अंगठा.

"केली का त्यानं?" मी कागद उलटसुलट करत विचारलं.

"त्याला सोताचं किचन काढायचंय. हे जुनं फेडल्याबिगर नवं कर्ज मिळत नाय म्हनं. आन् मी म्हनलं, चार दिस लपून सुटशील बाबा, पन तुला लपायची सवय लागलीय ती कशी सुटल?" त्यांनी कागदाच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. "असली अट चालती का वो कागदाव?"

मी बँकेच्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, बाकी कबूल आहे ना, मग खाली काहीही लिहू दे, सही धरली जाते. मी बँकेचा शिक्का घेतला आणि त्या कागदावर 'मिळाला' म्हणून उमटवला, अगदी चोवीस सह्यांच्या शेजारी. मॅडमनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आपलीही सही ठोकली. बँकेनं अट मान्य केली असा त्याचा अर्थ काढता येतो, असं पुढे वरून पत्र आलं. तोवर मी निवृत्त झालो होतो. मॅडमनी पत्राला काय उत्तर दिलं माहीत नाही, पण त्यांनी मला फोन करून बराच वेळ हसून घेतलं. रुपेशनं पुढे तडजोड करून हप्ते बांधून घेतले आणि ते तो भरतो आहे.

या वर्षी शिमग्याच्या आधी हौसाबाईंचा फोन आला. "आता तुमी बँकवाले नाय. या." मी बायकोला घेऊन गेलो. साधा सदरा, झांजा नाहीत. हौसाबाईंच्या अंगणात रुपेशनं पुढचा खांदा घेतला आणि मागचा मला दिला. तिथून पालखी शेजारच्या घराकडे वळली. त्या घरच्या पोरांनी मागच्या दांडीखाली मला बघितलं, आणि तिघं जण बांधावरून उड्या टाकून काजूंच्या झाडीत पसार झाले. त्यांची आई ताट घेऊन एकटीच दारात उभी राहिली.

मी खांद्यावरच्या देवासकट ओरडलो, "अरे थांबा रे! मी रिटायर झालोय!"

झाडीतून कुणी आलं नाही. मी पुन्हा ओरडलो. ढोल थांबले होते, सगळे झाडीकडे बघत होते.

रुपेश पुढून म्हणाला, "येतील सायेब. तुमी नाचत ऱ्हावा."